व्हर्सायच्या कारंज्यांचे पाणी: 14व्या लुईच्या कारभारातले एक प्रकरण

मार्च 1661 मध्ये कार्दिनाल माझारँ वारला आणि 22 वर्षांच्या 14व्या लुईने आता पंतप्रधान नेमणार नाही, राज्य स्वतः पाहणार, असे मंत्र्यांना सांगितले. तिथून 1 सप्टेंबर 1715 रोजी डोळे मिटेपर्यंत त्याच्या शब्दावर फ्रान्समध्ये अपील नव्हते. या राजवटीचा अभ्यास बहुधा लढाया, 1685 साली प्रोटेस्टंटांचे हक्क काढून घेणारा हुकूम आणि दरबारी रीतिरिवाज यांच्या अंगाने होतो. इथे घेतलेले प्रकरण त्यामानाने साधे आहे. राजाला बागेत कारंजी हवी होती आणि जागेवर पाणी नव्हते. हे प्रकरण निवडण्याचे कारण असे की यातली प्रत्येक गोष्ट मोजता येते. किती पाणी, किती उंचीवर, किती लांबून आणि किती पैशांत, हे सगळे आकड्यांत मांडता येते. मोजता आल्यामुळे अमर्याद हुकमत कुठे कामाला आली आणि कुठे तिनेच काम बिघडवले, हेही वेगळे काढता येते.

जागा आणि मागणी

व्हर्साय ही मुळात 13व्या लुईची शिकारीची कोठी, 1623 च्या सुमाराची. छोटा उंचवटा, भोवती दलदल आणि जंगल. पाणी होते, पण खाली आणि साचलेले. वाहती नदी म्हणावी तर सीन. तीही उत्तरेला, मध्ये टेकड्यांची रांग आणि पात्राची पातळी राजवाड्यापेक्षा शंभर मीटरहून अधिक खाली. दक्षिणेकडचा बिएव्र हा ओढ्याएवढा प्रवाह, तोही दरीत. जलव्यवस्थेचा विचार करून कोणी राजधानी वसवली असती, तर ही जागा पहिल्याच फेरीत बाद झाली असती.

मागणीचा अंदाज यावा म्हणून एक हिशेब. बागेतल्या ड्रॅगनच्या कारंज्याची मधली धार 27 मीटर उंच जाते. एवढी उंची गाठायला पाणी तोटीतून सेकंदाला सुमारे 23 मीटर वेगाने सुटावे लागते. तोटीचे तोंड 3 सेंटिमीटर धरले, तर घर्षण सोडून तासाला जवळपास 58 घनमीटर, म्हणजे 58 हजार लिटर पाणी लागते. ही एक धार दिवसरात्र चालू ठेवायची तर 1,400 घनमीटर हवेत. तोंडाचा व्यास दुप्पट केला की पाणी चौपट. भरीव, जाड धार दिसायला हवी असा हट्ट धरला की मागणी कशी उसळते, हे यातून कळते. लुईच्या भरभराटीच्या काळात बागेत दोन हजारांच्या आसपास धारा होत्या. सगळी कारंजी एकदम सोडली तर तासाला चार ते सहा हजार घनमीटर पाणी लागे.

हाच आकडा आता पावसाशी ताडून पाहा. पॅरिसच्या परिसरात वर्षाला सुमारे 600 मिलिमीटर पाऊस पडतो. एका हेक्टरवर वर्षभरात पडणारे पाणी होते 6,000 घनमीटर. म्हणजे एक हेक्टरचा वर्षाचा पाऊस, एक थेंबही जमिनीत न मुरता किंवा न आटता हाती आला, तर कारंज्यांना एक तास पुरणार. प्रत्यक्षात त्यातला थोडाच भाग वाहून तळ्यात येतो.

पहिली सोय: तेच पाणी फिरवत राहणे

1660 च्या दशकात राजवाड्याच्या उत्तरेला असलेल्या क्लान्यीच्या तळ्यावर घोड्यांनी फिरणारा पंप बसवला गेला. दिवसाला सुमारे 600 घनमीटर पाणी वर चढे. वर हौद बांधले. थेटिसच्या कृत्रिम गुहेच्या छपरावरही एक हौद होता. तिथून पाणी उताराने कारंज्यांत जाई. इटालियन वंशाच्या फ्रांसीन बंधूंकडे कारंज्यांचे काम होते, बागेची आखणी ल नोत्रची. 1666 मध्ये पहिली मोठी कारंजी उडाली. मागणी लगेच पंपाच्या पुढे गेली.

मग पवनचक्क्या आल्या. 1668 पासून खोदला जाऊ लागलेला मोठा कालवा हा बागेतला सर्वांत खालचा बिंदू. कारंज्यांचे वापरलेले पाणी तिथे जमायचे आणि चक्क्या ते पुन्हा हौदांकडे ढकलायच्या. बिएव्रच्या खोऱ्यातूनही चक्क्यांनी पाणी उचलले गेले. कल्पना उत्तम होती, कारण वापरलेलेच पाणी परत येत असल्याने नवे पाणी फक्त तूट भरून काढण्यापुरते लागे. अडचण वाऱ्याची होती. वारा पडला की चक्की थांबते, आणि तो राजाच्या फेरफटक्याची वेळ पाहून वाहत नाही.

दुर्बिणीने लावलेली पातळी

1674 साली, म्हणजे इकडे रायगडावर राज्याभिषेक झाला त्याच वर्षी, पिएर-पॉल रिके याने लोआर नदीचे पाणी व्हर्सायला आणून देण्याची तयारी दाखवली. रिके ऐरागैरा नव्हता. भूमध्य समुद्र आणि अटलांटिक यांना जोडणारा दक्षिणेचा कालवा तो त्याच वेळी खोदत होता. त्याच्या नावावर दरबार लगेच भाळला असता तर नवल नव्हते. पण राजाचा अर्थमंत्री कोलबेर, ज्याच्याकडे इमारतींचे खातेही होते, त्याने काम सुरू करण्याआधी विज्ञान अकादमीच्या आबे (धर्मगुरू) पिकारला लेव्हल घ्यायला, म्हणजे ठिकाणांच्या उंचीतला फरक मोजायला, पाठवले.

पिकारने पातळीमापनाच्या यंत्राला दुर्बीण आणि तिच्यात एकमेकींना छेदणाऱ्या बारीक तारा बसवल्या होत्या. त्यामुळे लांबच्या मोजपट्टीवरचा आकडा अचूक वाचता येऊ लागला. नुसत्या डोळ्याने पाण्याच्या पातळीवरून नेम धरला की प्रत्येक टप्प्यात बोटभर चूक होते आणि शंभर किलोमीटरमध्ये ती कित्येक मीटर होऊन बसते. कालव्यात तेवढा फरक म्हणजे पाणी येणे किंवा न येणे. पिकारचा निकाल स्पष्ट होता. रिके सांगतो त्या ठिकाणी लोआर पुरेशी उंच नाही, पाणी व्हर्सायला उताराने पोचणार नाही. योजना बारगळली. कोट्यवधी लिव्र (तेव्हाचे फ्रेंच चलन) आणि एक मोठी फजिती वाचली. या साऱ्या प्रकरणात राजसत्तेने घेतलेला हा सर्वांत शहाणा निर्णय, आणि तो काही बांधण्याचा नव्हता.

या मोजणीतून दुसरी गोष्टही हाती लागली. नैऋत्येला त्राप आणि ब्वा-दार्सी इथले पठार व्हर्सायच्या हौदांपेक्षा थोडे उंच आहे. तिथे बांध घालून पावसाचे पाणी अडवले तर पंप न लावता, नुसत्या उताराने ते बागेत येईल. 1670 च्या दशकाच्या उत्तरार्धात ही तळी बांधली गेली आणि भूमिगत नळातून पाणी खरोखरच पिकारने सांगितल्याप्रमाणे आले.

पुढच्या दहा वर्षांत हे जाळे पसरत गेले. आग्नेयेकडच्या साक्लेच्या पठारावरचे पाणी तोमा गोबेरने आणले. वाटेत बिएव्रची दरी आडवी होती. तिच्यावर ब्यूक इथे 19 कमानींचा, 580 मीटर लांबीचा जलसेतू 1686 पर्यंत उभा राहिला. पश्चिमेकडे रांबुइयेजवळच्या ला तूरच्या तळ्यापासून त्रापपर्यंत 34 किलोमीटरचा मुख्य पाट काढला, त्याला तळ्यांची माळ जोडली आणि शेताशेतांतून चर काढून पाणी त्यांत वळवले.

या पद्धतीचे दोष सांगायलाच हवेत. उतार इतका कमी की चरात गवत माजले किंवा गाळ बसला तरी पाणी अडते. म्हणजे दरवर्षी सफाई आणि ती करणारी कायमची माणसे. उन्हाळ्यात, बागेत पाहुणे सर्वाधिक असतात तेव्हाच, तळी आटतात. पाणी गढूळ आणि वासाचे, पिण्याच्या उपयोगाचे नाही. साचलेल्या पाण्याकाठच्या गावांना तापाचा त्रास. तरीही चालवण्याचा खर्च, टिकाऊपणा आणि मिळणारे पाणी या तिन्ही कसोट्यांवर हीच व्यवस्था पुढे सरस ठरली. पण बंधारे आणि चर यांत दाखवण्यासारखे काही नसते. परदेशी वकिलाला घेऊन जाऊन दाखवावे, असे काही राजाला हवे होते.

मार्लीचे यंत्र

ते मिळाले सीनच्या काठी बूजिव्हाल इथे. लिएज भागातल्या आर्नोल्ड द व्हिल याने प्रस्ताव मांडला. यंत्राची प्रत्यक्ष कल्पना आणि बांधणी त्याच भागातल्या रेनकें स्वालेम या सुताराची, ज्याला लिहिता-वाचता येत नव्हते. खाणींतले पाणी उपसण्याचा तिकडचा जुना अनुभव त्याच्या हातात होता. आधी छोट्या यंत्रावर चाचणी झाली. मग 1681 मध्ये काम सुरू झाले आणि जून 1684 मध्ये राजासमोर यंत्र चालू झाले. खर्च सुमारे 55 लाख लिव्र.

यंत्राचे भाग असे. सीनमधल्या बेटांना जोडून नदीचा एक फाटा बांधाने अडवला आणि नावांसाठी दुसरा मोकळा ठेवला. अडवलेले पाणी जेमतेम एक-दोन मीटर खाली पडत होते. त्या धबक्यावर सुमारे 12 मीटर व्यासाची 14 लाकडी चाके फिरत. प्रत्येक चाकाच्या आसाला भुजा होती. एका टोकाची भुजा काठावरच्या पंपांचे दट्टे वरखाली करी आणि दुसऱ्या टोकाची टेकडीवर जाणाऱ्या दांड्यांच्या साखळीला मागेपुढे हलवी. एकूण पंप 221, तीन टप्प्यांत. नदीकाठी 64, टेकडीच्या मध्यावर 79 आणि वर 78. पहिला टप्पा पाणी 48 मीटर चढवी. पुढचे दोन मिळून सुमारे 112 मीटर. सगळे मिळून 160 मीटरची चढण. वर लुव्हसिएन इथे 36 कमानींच्या, 640 मीटर लांब जलसेतूवर पाणी पडायचे आणि तिथून उताराने मार्ली व व्हर्सायच्या हौदांकडे जायचे.

तीन टप्पे का, एकाच झटक्यात का नाही? 160 मीटर उंच पाण्याचा स्तंभ तळाशी 16 वातावरणांचा, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सुमारे 16 पट, दाब देतो. त्या काळचे बिडाचे नळ, त्यांच्या पट्ट्यांमधली शिशाची गॅस्केट आणि दट्ट्यांभोवतीचे चामडे तेवढा दाब सहन करू शकत नव्हते. पाच-सहा वातावरणे ही मर्यादा. म्हणून मध्ये दोनदा पाणी उघड्या हौदात सोडून दाब शून्यावर आणायचा आणि पुन्हा उचलायचे. हे बरोबरच होते.

घोटाळा दुसरीकडे होता. वरच्या दोन टप्प्यांच्या पंपांना ताकद कुठून द्यायची? टेकडीवर ना नदी, ना चाक. म्हणून खालच्या चाकाची हालचाल लोखंडी दांड्यांच्या जोड्यांनी, झुलत्या लाकडी घोड्यांवरून, अर्धा किलोमीटरहून अधिक अंतर वर नेली. प्रत्येक सांध्याला खीळ आणि प्रत्येक खिळीला थोडी ढील. शेकडो सांध्यांतली ढील बेरीज होऊन वर पोचेपर्यंत दट्ट्याचा हेलकावा आखूड होत जाई. चरबीचे वंगण कमी पडले की घर्षण वाढे. लाकूड पावसात फुगे, उन्हात आकसे. चाकाने नदीतून घेतलेल्या ताकदीचा मोठा वाटा या दांड्या हलवण्यातच संपे.

सुरुवातीला दिवसाला सुमारे 3,200 घनमीटर पाणी वर जाई. एवढे पाणी 160 मीटर उचलायला निव्वळ 58 किलोवॉट, म्हणजे 80 हॉर्सपॉवरच्या आतबाहेर ताकद पुरते. आपल्याकडच्या उपसा सिंचन योजनेतला एक मोटरपंप हे काम करतो. 14 चाके, 221 पंप आणि टेकडीभर करकरणारे लोखंड यांचे फळ एवढे. त्याचा आवाज लांबवर ऐकू जाई आणि परिसरातले रहिवासी त्याला वैतागलेले असत.

उत्पादन पुढे घसरत गेले, आणि त्याची कारणे रोजची होती. पंपांचे चामडे झिजते, ते बदलायला पंप थांबवावा लागतो आणि पंप 221 आहेत. हिवाळ्यात सीन गोठली किंवा बर्फाचे तुकडे वाहत आले की चाके बंद. पूर आला की बांधाखालचे पाणी चढून धबका नाहीसा होतो, चाके पाण्यातच फिरतात. उन्हाळ्यात नदी आटली की पुन्हा तेच. सुतार, लोहार, नळजोडणारे असा साठेक माणसांचा कायमचा ताफा तिथे ठेवावा लागला.

त्यातच राजाने मार्ली इथे खासगी महाल बांधला होता आणि तिथल्या बागेला स्वतःची कारंजी, धबधबे हवे होते. व्हर्सायसाठी म्हणून उभारलेल्या यंत्राचे पाणी उत्तरोत्तर मार्लीतच जिरू लागले. पुरवठा वाढला की मागणी त्याला ओलांडून जायची, कारण मागणी ठरवणारा आणि पुरवठ्याला मंजुरी देणारा एकच माणूस होता. आता पुरे, असे म्हणण्याचे काम कोणाचेच नव्हते.

अर नदीचा कालवा

सप्टेंबर 1683 मध्ये कोलबेर वारला आणि इमारतींचे खाते लुव्हुआकडे गेले. लुव्हुआ हा युद्धमंत्री. दोन्ही खाती एका हातात आल्याचा परिणाम पुढच्या दोन वर्षांत दिसला. ऑगस्ट 1684 मध्ये रातिसबोनचा तह झाला आणि त्यात 20 वर्षांची युद्धबंदी ठरली. मोठे खडे सैन्य बसून होते. त्याला कामाला लावायचे होते.

अकादमीच्या ला हीरने लेव्हल घेतली. शार्त्रच्या वरच्या अंगाला पोंग्वां इथे अर नदी व्हर्सायच्या हौदांपेक्षा चांगली उंच भरली. म्हणजे इथे तत्त्वतः पंपाची गरजच नव्हती. नदी वळवायची, 80 किलोमीटर उताराने आणायची आणि कारंजी बारमाही. आराखडा किल्ल्यांचा प्रख्यात अभियंता वोबां याच्याकडे आला. 1685 मध्ये काम सुरू झाले.

कालव्याचा मातीतला भाग ठीक चालला. खरा प्रश्न मेंतनोंची दरी. कालव्याची पातळी राखून ती ओलांडायची तर जलसेतू जवळपास 5 किलोमीटर लांब आणि 70 मीटरहून उंच, तीन मजल्यांचा हवा. दक्षिण फ्रान्समधला रोमनांचा पों द्यू गार 49 मीटर उंच आहे, त्यावरून कल्पना करावी. वोबांने दुसरा मार्ग सुचवला. दरीच्या एका काठावरून पाणी बंद नळांत सोडायचे, ते दरीच्या उतारावरून खाली जाऊन पलीकडे स्वतःच्याच दाबाने वर चढेल. त्याला सायफन म्हणतात. काम कमी दगडाचे, वेळ कमी, खर्च कमी. लुव्हुआने त्याला कळवले की असा विचार करण्यात अर्थ नाही, राजाला त्याचे नावही ऐकायचे नाही. राजाला रोमनांच्या तोडीचे बांधकाम हवे होते.

सायफनमध्येही धोके होते, हे खरे. 70 मीटरचा दाब सोसणारे बिडाचे नळ मोठ्या संख्येने ओतणे, त्यांचे सांधे न गळू देणे, वरच्या वळणांत अडकणारी हवा काढणे आणि तळाशी बसणारा गाळ धुऊन काढणे, या सगळ्याला उत्तरे शोधावी लागली असती. पण ही उत्तरे शोधण्याजोगी होती. तीन मजली जलसेतू हा दगड, चुना आणि माणसे यांचा निव्वळ गुणाकार होता.

दगड आणण्यासाठी आधी छोटे कालवे खोदावे लागले. गालार्दों आणि एपेर्नों इथल्या खाणींतून नावांनी माल मेंतनोंला येई. वीस ते तीस हजार सैनिक तंबूंत राहून खणत होते. दलदलीची माती उन्हाळ्यात उपसली, पाणी साचले, छावण्यांत गर्दी. ताप आणि अतिसार पसरला. मृत्यू हजारांत मोजावे लागले. तुकड्या आजारी पडत, बदलल्या जात, नव्या तुकड्याही आजारी पडत.

दीडेक वर्षात खर्च पाहून राजाने माघार घेतली. वरचे मजले रद्द, पहिल्या मजल्यावर नळ टाकून सायफन करायचे ठरले. म्हणजे वोबांचीच सूचना, पण उशिरा आणि अर्धीमुर्धी. तोवर पायांवर आणि पहिल्या कमानींवर पैसा ओतून झाला होता. 47 कमानींचा एक मजला उभा राहिला.

1688 च्या उन्हाळ्यात सैन्य कामावरून काढून घेतले गेले. सप्टेंबरमध्ये फ्रेंच फौजा ऱ्हाईनकडे निघाल्या, फिलिप्सबर्गला वेढा पडला आणि फ्रान्सविरुद्ध एकवटलेल्या राज्यांच्या आउग्सबुर्ग संघाशी नऊ वर्षांचे युद्ध सुरू झाले. कालव्यावर 90 लाखांच्या आसपास लिव्र खर्च झाले होते आणि अरच्या पाण्याचा एक थेंब व्हर्सायला पोचला नाही.

इथे अपयशाचे कारण नेमके पकडायला हवे. लेव्हल बरोबर होती. पैसा होता. मजूर हवे तेवढे होते. योजना एका गोष्टीवर उभी होती, ती म्हणजे सैन्य काही वर्षे मोकळे राहील. आणि ते राहील की नाही, हे ठरवणारा राजाच होता. 20 वर्षांची युद्धबंदी चार वर्षांत मोडली. बागेसाठी सैन्य देणारा आणि सीमेवर तेच सैन्य पाठवणारा हात एकच असल्याने दोन्ही योजनांचा एकमेकांशी ताळमेळ कधी घातलाच गेला नाही.

शिट्टीवर चालणारी कारंजी

उरलेल्या पाण्यात भागवायचे कसे? उपाय निघाला तो सोपा आणि हुशार. राजवाड्यातून दिसणारी कारंजी दिवसभर, पण कमी जोरात. बाकीची राजा जवळ आला की. कोलबेरने कारंजेवाल्यांसाठी कोणती झडप कधी उघडायची याचे नियम घालून दिलेच होते. वाटेवर पोरे उभी असत. राजा येताना दिसला की शिट्टी, पुढचा माणूस किल्ली फिरवून झडप उघडे. राजा वळला की मागची बंद. त्याला बाग सदैव उसळती दिसे. 1689 च्या सुमारास लुईने पाहुण्यांना बाग कोणत्या क्रमाने दाखवावी याचा मार्ग स्वतः लिहून काढला. नंतर तो अनेकदा सुधारला. कुठे थांबायचे, कुठून वळून पाहायचे, सगळे त्यात आहे. ते सौंदर्यदृष्टीचे टिपण म्हणून वाचले जाते. पाण्याची टंचाई डोक्यात ठेवून वाचले तर ते झडपांचे वेळापत्रकही आहे.

तोट्यांतही काटकसर झाली. भरीव धारेऐवजी कडेने पोकळ पडदा किंवा बारीक धारांचा जुडगा दिला की कमी पाण्यात कारंजे जाड दिसते. नळ हौदाशी रुंद ठेवून तोटीकडे टप्प्याटप्प्याने अरुंद करत आणले की सगळा नळ अरुंद ठेवण्यापेक्षा घर्षणाचा तोटा कमी होतो. मोंबोरोंच्या टेकडीवर मोठे हौद बांधले गेले, कारण रात्रभर साठवून दुपारी सोडायचे तर उंचावर साठा हवाच.

हिशेब

व्हर्सायच्या एकूण बांधकाम खर्चापैकी जवळपास एक-तृतीयांश पाण्यावर गेला, असा अंदाज केला जातो. हा पैसा राज्याला बुडवण्याइतका नव्हता, हे मात्र स्पष्ट म्हटले पाहिजे. व्हर्सायने फ्रान्सचे दिवाळे काढले, ही समजूत आकड्यांत टिकत नाही. दिवाळे काढले ते युद्धांनी. युद्धाला पैसा कमी पडला म्हणून 1689 च्या अखेरीस राजाने महालातले चांदीचे सामान वितळायला पाठवले. सुमारे 20 टन चांदी होती आणि नाणी पाडून हाती आले ते घडणावळीसह झालेल्या मूळ खर्चाच्या मानाने फारच थोडे. 1701 पासून स्पेनच्या वारसाहक्काचे युद्ध, 1709 चा भीषण हिवाळा आणि दुष्काळ, 1710 मध्ये उत्पन्नाच्या दहाव्या हिश्शाचा नवा कर. 1715 साली राज्यावर दोन अब्ज लिव्रहून अधिक कर्ज होते. त्या राशीपुढे मार्लीचे 55 लाख किरकोळ ठरतात.

मेंतनोंच्या माणसांचा हिशेब मात्र वेगळा मांडावा लागतो. ती लढाईत गेली नाहीत.

नंतर

15व्या लुईच्या काळात क्लान्यीचे तळे 1736 मध्ये बुजवले. मेंतनोंच्या कमानींचे दगड त्याची प्रेयसी मादाम द पोंपादूर हिच्या क्रेसी इथल्या महालासाठी काढून नेले गेले. उरलेल्या कमानी अजून उभ्या आहेत. मार्लीचे यंत्र डागडुजी करत 1817 पर्यंत रेटले. त्याच्या जागी वाफेचे पंप आणि नंतर 1859 च्या सुमारास नवी लोखंडी चाके आली. तीही 1960 च्या दशकात मोडीत निघाली.

सर्वांत उपयोगी वारसा कागदावर राहिला. व्हर्सायचे नळ किलोमीटरच्या मापात लांब, वेगवेगळ्या व्यासांचे आणि दोन्ही टोकांची पातळी माहीत असलेले होते. असा संच दुसरीकडे कुठेच नव्हता. अकादमीच्या कूपले याने त्यांतून प्रत्यक्ष किती पाणी वाहते ते मोजले आणि 1732 मध्ये अकादमीपुढे आकडे मांडले. घर्षणाचा विचार न करणाऱ्या सूत्रांनी जेवढे पाणी यायला हवे होते, त्याच्या कितीतरी कमी येत होते. पुढे 1804 च्या सुमारास फ्रेंच अभियंता प्रोनीने नळातील प्रवाहाचे सूत्र बसवताना हीच मोजमापे वापरली.

पठारावरची तळी आणि चर ही लुईच्या जलव्यवस्थेतली सर्वांत कमी मिरवलेली बाजू, पण सर्वांत जास्त टिकली. 1970 च्या दशकात सें-कांतें-आं-इव्हलिन हे नवे शहर वसताना त्यांचा व्हर्सायशी असलेला दुवा तुटला. त्रापच्या तळ्याचा एक भाग आज पक्ष्यांसाठी राखीव आहे आणि इतर तळी पावसाचे पाणी थोपवून धरायच्या कामी येतात. बागेतली कारंजी आता मोठ्या कालव्यातले पाणी विजेच्या पंपांनी वर चढवून, तेच पुन्हा फिरवत चालवली जातात. तीस किलोमीटरहून अधिक नळ जमिनीखाली आहेत, त्यांतले बरेच त्याच काळातले, शिशाचे आणि बिडाचे. दाब अजूनही हौदाच्या उंचीचाच असतो. झडपा लायर या तंतुवाद्याच्या आकाराच्या लांब किल्लीने माणसेच उघडतात, हळूहळू, कारण एकदम उघडली तर पाण्याचा आणि कोंडलेल्या हवेचा धक्का जुन्या सांध्यांना सोसत नाही.